परवलीचा शब्द कोणाच्या खिशात?

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



२०२५ च्या हंगामात सीसीआयने, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाने, हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या मोबाईल ॲपवरील नोंदणी आवश्यक केली. हिंगणघाटच्या बाजारात गाडी नेण्यापूर्वी शेतकऱ्याला एक दार मोबाईलमध्ये उघडावे लागले. ज्या घरी तसा मोबाईल नाही, त्या घरची नोंदणी गावातील जाणता कार्यकर्ता करून देतो. पीकविमा, अनुदान, शिष्यवृत्ती यांचेही तसेच. परिणामी अनेक घरांचे पासवर्ड त्या एका माणसाच्या फोनमध्ये जमतात. बहुधा स्वतःलाच पाठविलेल्या व्हॉट्सॲप निरोपांत. संघटनेची सभासद-यादी आणि ई-मेल खाते यांच्या किल्ल्याही त्याच खिशात असतात. तो फोन आर्वीच्या एसटीत राहिला, किंवा तो कार्यकर्ताच अकस्मात गेला, तर?

पासवर्डला शत्रू दोन: चोर आणि विस्मरण. गुपित खोल लपवावे तर विस्मरणाचे फावते. प्रती वाढवाव्यात तर चोराचे. या ओढाताणीतून मार्ग काढण्याचे काम यंत्रावर सोपविता येत नाही. ते संघटनेलाच करावे लागते.

या जिल्ह्याला ही गोष्ट परकी नाही. ब्रिटिशांनी भारत सोडावा हा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच केला. ९ ऑगस्टला नेते एकाच फटक्यात गजाआड गेले; तरी २७ ऑगस्टला मुंबईतून उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ बोलू लागला. डॉ. लोहियांचे त्याला पाठबळ होते. ध्वनिक्षेपक एका जागी फार दिवस ठेवीत नसत. १२ नोव्हेंबरला पोलीस दारात आले, ते एका तंत्रज्ञाने ठिकाण सांगितले म्हणून. जागा बदलण्याची सारी दक्षता एका तोंडापाशी संपली.

आता परवलीच्या शब्दाकडे वळू. ‘सेवाग्राम१९४२’ हा पासवर्ड वर्ध्यातील कार्यकर्त्याला जितका सहज सुचतो, तितकाच तो चोरालाही सुचतो. माणसाचे मन निवड करताना जुन्या वाटेनेच जाते. म्हणून निवड फाशांवर सोडावी. १९९५ मध्ये अमेरिकेत अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी ७,७७६ शब्दांची यादी केली. पाच वेळा फासा टाकला की एक शब्द ठरतो. असे सहा शब्द घेतले की शक्यता होतात सुमारे २२ वर २२ शून्ये, आणि सहा शब्दांचे विचित्र वाक्य आठवड्याभरात तोंडपाठ होते. शब्द मराठी घेऊन रोमन लिपीत लिहिले तरी चालतात. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याचा आग्रह अमेरिकेच्या प्रमाण-संस्थेने २०१७ मध्येच सोडला. सक्तीने बदलणारा माणूस शेवटचा आकडा वाढवितो, एवढेच.

हे वाक्य एकच पाठ करावयाचे. बाकीचे सारे पासवर्ड, प्रत्येक खात्याचा वेगळा, एका कुलूपबंद फाईलमध्ये ठेवावेत. २००३ पासून उपलब्ध असलेले ‘कीपास’ हे असे विनामूल्य साधन आहे आणि त्याची संहिता कोणालाही तपासता येते. ती फाईल संगणकावर, फोनवर आणि घराबाहेरच्या एका पेनड्राइव्हवर असावी. येथे एक चूक हमखास होते. फोनमध्ये नवा पासवर्ड नोंदविला जातो, आणि संध्याकाळी संगणकावरची जुनी फाईल त्याच्यावर उतरविली जाते. यास्तव मूळ प्रत कोणती, हे आधी ठरवावे. बदल तिच्यातच करावेत. फोन हरवला की ओटीपीही बंद होतो, म्हणून खाते परत मिळविण्याचे जे संकेतांक मिळतात ते कागदावर छापून ठेवावेत. फोनमध्येच हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरले असेल, तर मात्र यातले काहीच पुरत नाही.

उरला त्या एका वाक्याचा प्रश्न. कागदाचे दोन तुकडे करून दोघांना देण्याची युक्ती फसवी आहे: एक हरवला की सारे गेले, आणि एक चोराला मिळाला की त्याचे काम कितीतरी सोपे झाले. १९७९ मध्ये अदी शमीर यांनी यावर सुंदर उपाय काढला. सरळ रेषा दोन बिंदूंनी ठरते. एकाच बिंदूतून मात्र अगणित रेषा जातात. याच तत्त्वाने गुपिताचे पाच भाग असे करता येतात की कोणतेही तीन एकत्र आले तर ते पुरे उलगडते आणि दोघांच्या हाती काहीच लागत नाही. ते करून देणारी साधने आहेत. ज्या तालुका समितीला एवढे झेपत नाही, तिने पूर्ण वाक्य लाखबंद लखोट्यांत घालून दोन वेगळ्या तालुक्यांतील, एकमेकांचे हिशेब तपासणाऱ्या दोघांकडे द्यावे, आणि वर्षातून एकदा बैठकीत लाख शाबूत आहे का ते पाहावे.

शेतकऱ्यांचे पासवर्ड या फाईलमध्ये नकोत. ते संघटनेचे नाहीत. नोंदणी झाली की ते ठळक अक्षरांत कागदावर लिहून त्या घरच्या बाईच्या किंवा माणसाच्या हाती द्यावेत, सातबारा असतो त्याच पेटीत ठेवावयास सांगावे, आणि फोनमधील निरोप त्यांच्या डोळ्यांदेखत पुसावा.