‘इन्फर्नस’ : खालचे म्हणजे वाईट नव्हे



आज आम्ही आपणापुढे एका परक्या शब्दाची हकिगत मांडणार आहोत. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतला हा शब्द, ‘इन्फर्नस’. पुढे त्याचा अर्थ नरक असा झाला. पण मुळात त्यात ना आग होती, ना यातना.

‘इन्फेरुस’ म्हणजे खालचा आणि ‘सुपेरुस’ म्हणजे वरचा. बस्स, एवढेच! इटलीच्या पूर्वेचा समुद्र तो रोमन लोकांचा ‘वरचा समुद्र’ आणि पश्चिमेचा तो ‘खालचा समुद्र’. म्हणून काही तो समुद्र पापी ठरला नाही. मेलेली माणसे जमिनीखाली, म्हणून ती ‘इन्फेरी’, म्हणजे खालची मंडळी. त्यांत त्यांचे आईबाप, आजे-पणजे सगळेच आले. दरवर्षी १३ ते २१ फेब्रुवारीच्या दिवसांत लोक त्यांच्या थडग्यांवर फुले, धान्य, मीठ आणि द्राक्षाच्या दारूत भिजवलेली भाकरी ठेवीत.

पुढे रोमन लोक ख्रिस्ती झाले. इ. स. ४०० च्या सुमारास जेरोम यांनी बायबल लॅटिनमध्ये आणले. हिब्रूत ‘शिओल’ म्हणजे मृतांचे ठिकाण. त्यासाठी त्यांनी बहुतेक जागी ‘इन्फर्नस’ हाच शब्द घातला. पाप्यांच्या शिक्षेची कल्पनाही हळूहळू त्याच शब्दाला चिकटली. चौदाव्या शतकात कवी दान्ते यांनी ‘इन्फेर्नो’ लिहिले. त्यात नरकाची नऊ वर्तुळे आहेत. पाप जितके मोठे, तितका माणूस खाली!

आता गंमत बघा. आपण इंग्रजीत ‘इन्फिरिअर’ म्हणतो ना, तो शब्द याच ‘इन्फेरुस’चा. अर्थ, ‘अधिक खालचा’. आणि संस्कृतातला ‘अधर’ हा ‘इन्फेरुस’चा सख्खा भाऊ. ‘अधम’ही त्याच घरातला. मूळ अर्थ सर्वांत खालचा, पण मराठीत आपण तो ऐकतो नीच या अर्थाने. म्हणजे तिकडे काय नि इकडे काय, जागा सांगणारा शब्द लायकी सांगू लागला. ‘खालच्या जातीचे’ हे बोल आपल्या वाडवडिलांनी जन्मभर ऐकले. त्यांतला ‘खालचे’ हा शब्द कोणी निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी लावलेला आहे. माणसांनी लावलेला अर्थ माणसांना काढताही येतो.

म्हणून मुलांनो, कोणी कुणाला ‘खालचा’ म्हणाले तर एवढेच विचारा, ‘कुठून मोजले?’