जुन्या ट्रॅक्टरची ठिणगी



परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड या भागांतील काळी जमीन मोठी लहरी. ओली असतां ती अवजाराला चिकटते, सुकली कीं दगडासारखी होते. मधला वाफशाचा काळ मोजक्या दिवसांचा. त्या दिवसांत यंत्र रुसलें तर पेरणी हुकते. तेथें हल्लीं चालणारे ट्रॅक्टर डिझेलचे. त्यांना ठिणगी लागत नाहीं, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच इंधन पेट घेतें. परंतु १९४६ सालीं निघालेला फर्ग्युसन टीई-२० किंवा १९४७ चा फोर्ड ८ एन यांसारख्या पेट्रोलवरील जुन्या ट्रॅक्टरांची सारी मदार दोन इवल्याशा धातूच्या टिकल्यांवर असते. कारागीर त्यांना पॉइंट म्हणतात. वडिलार्जित यंत्र भंगारांत घालण्यापूर्वीं निदान त्या टिकल्या तरी पाहाव्या.

पॉइंट मिटलेले असतां बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो व तेथें चुंबकत्व सांठतें. कॅमचा उंचवटा येऊन ते उघडतांच प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळतें आणि हजारों व्होल्टांचा दाब प्लगपर्यंत पोंचतो. म्हणजे ठिणगी पडते ती पॉइंट उघडल्यामुळें. पुष्कळांचा समज याच्या उलट असतो! कॅमच्या फेऱ्यांतील जितके अंश पॉइंट मिटलेले राहतात, त्यांना ड्वेल म्हणतात. चार सिलिंडरांच्या यंत्रांत प्रत्येकाच्या वांट्यास ९० अंश येतात. समजा, त्यांतले ५४ अंश मिटलेले आहेत. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या यंत्राला सेकंदास ५० ठिणग्या लागतात. तेव्हां चुंबकत्व सांठविण्यास प्रत्येक वेळीं सेकंदाचे अवघे १२ सहस्रांश मिळाले. फट वाढविली कीं ड्वेल घटतो, ठिणगी निस्तेज होते. असें यंत्र रिकामें असतां झकास चालतें आणि नांगर जमिनींत शिरतांच अडखळतें, कारण भाराखालीं सिलिंडरांतील दाब वाढतो व ठिणगीला अधिक जोर लागतो. फट फारच कमी ठेवावी, तर पॉइंटांमध्यें विजेची ज्योत रेंगाळून ते जळतात.

८ एनच्या आरंभींच्या यंत्रांत डिस्ट्रीब्यूटर पुढें, पंख्यामागें बसविलेला आहे. तो दोन बोल्ट काढून बाहेर घ्यावा आणि मेजावर ठेवूनच फट लावावी, हें उत्तम. तेथें फट इंचाच्या १५ सहस्रांशांची. १९५० मध्यें डिस्ट्रीब्यूटर बाजूस आला, त्याची फट २५ सहस्रांशांची. एकाच नांवाच्या यंत्राचे हे दोन आंकडे. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचें माप आपल्या ट्रॅक्टरला लावण्याची आपल्याकडील हौस येथें महागांत पडते.

माप घेतांना कॅमचा उंचवटा बरोबर पॉइंटाच्या ठोकळ्याखालीं आणावा. फीलर गेजचें पातें किंचित् घासत सरकलें पाहिजे. एका टिकलीवर खळगा व दुसरीवर उंचवटा झाला असेल, तर पातें उंचवट्यालाच टेकतें आणि खरी फट मापाहून मोठी राहते. अशा वेळीं ड्वेल-मापकावर भिस्त ठेवावी, अथवा सरळ नवे पॉइंट घालावे. सँडपेपरनें घासणें मला मुळींच पसंत नाहीं, त्याचे कण मध्यें अडकतात. कॅमवर घासणारा ठोकळा झिजत जाऊन फट आपोआप कमी होते व ठिणगी उशिरां पडूं लागते. याकरितां फट आधीं, ठिणगीची वेळ मागाहून. कॅमला ग्रीसचा ठिपकाच पुरे.

शेवटीं कोरा कागद मिटलेल्या पॉइंटांतून एकदां ओढून घ्यावा. पात्यावरचें तेल त्यांना लागलेलें असतें, आणि ८ एनची बॅटरी ६ व्होल्टांची; तेवढा पापुद्राही तिला अडवितो.