बिघाड नेमका कोणत्या पायरीवर?



 मी आयर्लंडमध्ये पेशीजीवशास्त्र शिकवतो. दीक्षान्त भाषणात उपदेशाचा डोस ठरलेलाच असतो. तो थोडका ठेवून मी आज एका प्रथिनाबद्दल बोलणार आहे.

त्याचं नाव प्रोटीन कायनेज ए. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा गट जोडणारं विकर. गट जोडला की त्या प्रथिनाचं वागणं बदलतं आणि काढला की पूर्ववत होतं. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी 1950 च्या दशकात स्नायूंवर काम करताना ही युक्ती ओळखली. तिच्यासाठी नोबेल मिळालं 1992 मध्ये. माणसाच्या जनुकसंचात अशी पाचशेहून अधिक कायनेजेस आहेत. आपलं कायनेज ए चार तुकड्यांचं असतं: दोन काम करणारे, दोन त्यांना आवरून धरणारे. पेशीत सायक्लिक एएमपी हे निरोप पोहोचवणारं रसायन वाढलं की ते आवरणाऱ्या तुकड्यांना चिकटतं आणि काम करणारे मोकळे सुटतात.

आतड्याच्या आणि श्वासनलिकेच्या पेशींवर सीएफटीआर नावाचं एक दार आहे. कायनेज ए त्याला फॉस्फेट जोडतं, ते उघडतं, क्लोराइड बाहेर पडतं आणि त्याच्यामागे सोडियम व पाणी जातं. आतडं ओलसर आणि फुप्फुसातला चिकटा पातळ राहतो तो यामुळे. हे दार गरजेपेक्षा जास्त उघडलं तर एक आजार होतो, उघडलंच नाही तर दुसरा. आयर्लंडने दोन्ही भोगले आहेत.

पहिला कॉलरा, आपल्या आजी-पणजीच्या भाषेत पटकी. 1817 मध्ये बंगालमधून निघालेली ही साथ लाटालाटांनी पुढे सरकत 1832 मध्ये आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगो गावात पोहोचली. सहा आठवड्यांत तिथे सुमारे दीड हजार माणसं गेली असा अंदाज आहे. त्या गावातून वाचलेली शार्लट थॉर्नली ही मुलगी पुढे ‘ड्रॅक्युला’कार ब्रॅम स्टोकरची आई झाली. पंढरपूरच्या वारीतही त्या शतकात पटकीने किती वारकरी नेले, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

याच साथीत लिमरिकचा एक तरुण डॉक्टर, विल्यम ओशॉनेसी, इंग्लंडमधल्या संडरलँडला गेला. वय विशीतलं. इतर डॉक्टर रुग्णांचं रक्त काढून टाकत होते. याने ते रक्त तपासलं. त्यात पाणी आणि क्षार कमी झाले होते, आणि तेच विष्ठेत सापडत होते. मग हरवलेलं पाणी आणि क्षार परत द्या, असं त्याने मांडलं. 1832 मध्येच स्कॉटलंडच्या थॉमस लॅटाने शिरेतून क्षारपाणी देऊन काही रुग्ण उठवले. तरीही हा उपाय अनेक दशकं अडगळीत पडून राहिला. ओशॉनेसी पुढच्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि नंतर त्याने हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारलं.

पटकीत पाणी का जातं, याचं उत्तरही कलकत्त्यातूनच पुढे सरकलं. 1959 मध्ये शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून जंतूचं विष वेगळं काढता येतं, हे दाखवलं. ते विष पेशीतला सायक्लिक एएमपीचा कारखाना बंदच होऊ देत नाही. कायनेज ए मोकाट सुटतं आणि दार सताड उघडं राहतं. पण साखरेबरोबर सोडियम आत घेणारी वाट या विषाला बिघडवता येत नाही. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर दिलीप महालनबीस यांनी याच वाटेचा आधार घेतला आणि पिण्याचं साखर-मिठाचं पाणी वाटलं. मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आज आशाताई घरोघरी देतात ती जलसंजीवनीची पुडी हीच.

दुसरा आजार सिस्टिक फायब्रोसिस. आयर्लंडमध्ये दर 19 जणांत एक जण त्याच्या सदोष जनुकाचा वाहक आहे. लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक रुग्ण तिथेच आहेत. या मुलांचा चिकटा घट्ट होतो, फुप्फुसं निकामी होत जातात. तिथे बऱ्याच रुग्णांत जी551डी नावाचा दोष दिसतो. त्यात दार पेशीच्या कडेपर्यंत नीट पोहोचतं, कायनेज ए त्याला फॉस्फेटही जोडतं, पण दार उघडत नाही. म्हणजे बिघाड कायनेजमध्ये नाही, त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. आयव्हाकॅफ्टर हे औषध नेमकं त्याच पायरीवर काम करतं, आणि तेही कायनेजने आपलं काम आधी केलं असेल तरच. 2012 मध्ये त्याला युरोपात मान्यता मिळाली. किंमत तेव्हा माणशी वर्षाला दोन लाख युरोंहून अधिक होती. रुग्ण आणि पालकांनी आवाज उठवला आणि 2013 मध्ये आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने खर्च उचलायचं ठरवलं.

इथे एका गोड गोष्टीपासून सावध करतो. सदोष जनुकाच्या वाहकांना कॉलरा कमी होत असावा, म्हणून हे जनुक टिकलं, असं सांगितलं जातं. ऐकायला सुरेख आहे. पण कॉलराची साथ युरोपात 1830 च्या सुमारास आली आणि हे दोष त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. इतक्या थोड्या पिढ्यांत असा हिशेब जुळत नाही. गोष्ट सुंदर आहे म्हणून ती खरी मानू नका.

मित्रांनो, दोन्ही आजारांत कायनेज हे मुख्य पात्र असूनही उपाय कायनेजवर प्रहार करून सापडला नाही. साखळीतली कोणती कडी शाबूत आहे आणि कोणती तुटली आहे, हे ज्यांनी शोधलं त्यांनी माणसं वाचवली. आणि नुसतं शोधूनही भागत नाही. ओशॉनेसीचं खरं होतं, तरी ते रुग्णाच्या ओठांपर्यंत पोहोचायला सव्वाशेहून अधिक वर्षं गेली.

सिस्टिक फायब्रोसिस गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतोच, असं अजूनही मानलं जातं. तो आपल्याकडे आहे. कधी क्षयरोग, कधी कुपोषण या नावाखाली लपतो. घामातले क्षार परत घेणारं दारही हेच, म्हणून या बाळांचा घाम खारट असतो. दंडाला औषध लावून सौम्य वीजप्रवाह द्यायचा, घाम गोळा करायचा, क्लोराइड मोजायचं, इतकीच ती तपासणी. तुमच्यापैकी जे डॉक्टर होतील त्यांनी, वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या बाळाच्या आईने ‘याचा पापा घेतला की खारट लागतं’ असं सांगितलं, तर ते हसण्यावारी नेऊ नये. ती तपासणी लिहून द्यावी. जे प्रयोगशाळेत जातील त्यांनी ती जिल्ह्याच्या रुग्णालयात होईल अशी करावी. जे औषधनिर्मितीत किंवा प्रशासनात जातील त्यांनी पुढचं औषध आपल्याकडच्या पालकांना परवडेल यासाठी झटावं. पदवी तुम्हाला आज मिळाली. तिचा उपयोग समोरच्या रुग्णाला होऊ द्या.