मृताचा हिशेब कोणीं द्यावा?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा मुलूख तीन पिढ्यांपूर्वीं शेतीवाडीचा होता. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि बाजरीच्या शेतांत धुराडीं दिसूं लागलीं. ज्या घरीं बैलजोडी आणि चार एकर जमीन एवढीच मत्ता होती, त्या घरीं आज सदनिका, बँकेंतील ठेवी व भाड्यानें दिलेलें गोदाम असतें. अशा घरचा कर्ता निवर्तला, कीं तेराव्यानंतर एक प्रश्न हटकून निघतो : सरकारला कांहीं कळवावयाचें आहे काय?

पूर्वीं याचें उत्तर निराळें होतें. १५ ऑक्टोबर १९५३ पासून आपल्या देशांत मृत्युकर लागू होता. मृताच्या मालमत्तेचें मूल्य काढून जबाबदार वारसास सहा महिन्यांचे आंत हिशेब दाखल करावा लागे. फार मोठ्या संपत्तीवर कराचा दर शेंकडा ८५ पर्यंत चढला होता. तरी वर्षाची वसुली सुमारें २० कोटींचीच, आणि खटाटोप मात्र मोठा. म्हणून अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनीं १९८५ च्या अर्थसंकल्पांत तो रद्द केला. १६ मार्च १९८५ पासून पुढील मृत्यूंस तो लागत नाहीं.

परंतु मृत्युकर गेला म्हणजे सारें मिटलें, ही समजूत घातक आहे. प्राप्तिकर माणसाबरोबर मरत नाहीं.

समजा, चिंचवडचा एक निवृत्त कामगार १० नोव्हेंबरला वारला. चाकणचें त्याचें गोदाम एका कंपनीस भाड्यानें दिलेलें आहे. १ एप्रिलपासून मृत्युदिनापर्यंतचें निवृत्तिवेतन, व्याज व भाडें हें त्याचें स्वतःचें उत्पन्न. तें करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर वारसानें मृताच्या वतीनें विवरणपत्र भरलेंच पाहिजे. मर्यादेच्या आंत असून कर आधींच कापला गेला असेल, तरीही परताव्यासाठीं तें भरावें. त्याकरितां मृत्यूचा दाखला, दोघांचीं पॅनकार्डें आणि वारसाचा पुरावा देऊन प्रथम प्रतिनिधि म्हणून नोंद करावी लागते. हा बोजा वारशानें आलेल्या मालमत्तेपुरताच असतो. मात्र कर देण्यापूर्वींच ती मालमत्ता विकणारा वारस स्वतः जबाबदार ठरतो.

मृत्यूनंतरचें भाडें हें मृताचें नव्हे. मृत्युपत्र नसल्यास पत्नी, मुलगा व मुलगी यांनीं तें आपापल्या हिश्श्याप्रमाणें स्वतःच्या विवरणपत्रांत दाखवावें. मृत्युपत्र करून व्यवस्थापक नेमला असल्यास, वाटणी होईपर्यंत त्यानें वेगळें विवरणपत्र भरावें. वारसा मिळणें हें उत्पन्न नव्हे. पण पुढें गोदाम विकल्यास होणारा नफा मृतानें दिलेल्या मूळ किंमतीवरून मोजला जातो. म्हणून जुनें खरेदीखत जपून ठेवावें.

बहुधा घडतें तें असें : भाडें थोरल्याच्या खात्यांत जमा होतें, कापलेला कर मृताच्याच पॅनवर चढत राहतो, आई गप्प बसते आणि सासरीं गेलेली बहीण विचारावयास संकोचते. दोन वर्षांनीं नोटीस येते, तेव्हां करापेक्षां मनांतील तेढच मोठी झालेली असते. पित्याचें ऋण फेडणें हा संततीचा धर्म मानला आहे. त्यांत हा शेवटचा हिशेबही येतो. भावंडांनीं तो पहिल्याच महिन्यांत, आईसमक्ष, एकत्र बसून मांडावा.