परतावा हा उपकार नव्हे
(व्याख्यानाचा गोषवारा)



निजामी अमदानीत मराठवाड्यात दोन रुपये चालत. एक हाली, म्हणजे हैदराबाद संस्थानचा. दुसरा कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा. साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. संस्थानाबाहेर देवघेव करणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब सराफाच्या तोंडून ऐकावा लागे आणि बट्ट्यात किती गेले हे त्याला क्वचितच कळे. १९५९ साली हाली सिक्का कायमचा बाद झाला व चलन एक झाले. परंतु पैसा ज्याच्या कष्टाचा तो एकीकडे आणि हिशेबाची वही ज्याच्या हाती तो दुसरीकडे, ही स्थिती काही पालटली नाही. डेबिट कार्डाच्या युगात ती वही यंत्रात गेली, एवढेच.

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत ग्राहक कार्ड देतो. दुकानातील यंत्र ‘व्यवहार अयशस्वी’ असे दाखविते, परंतु खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश फोनवर येतो. दुकानदाराला पैसे पोचलेले नसतात, म्हणून तो पुन्हा मागतो आणि ग्राहक तेच पैसे दुसऱ्यांदा मोजतो. एटीएममधून नोट बाहेर येत नाही, पण पासबुकात मात्र ती निघालेली असते. असे होते, कारण एका व्यवहारात चौघे गुंतलेले असतात: ग्राहकाची बँक, दुकानदाराची वा एटीएमची बँक, दोहोंना जोडणारे जाळे आणि ते यंत्र. ग्राहकाच्या बँकेने रक्कम कापल्यानंतर संदेश वाटेत तुटला, तर पैसा कोणाच्याच हाती न पडता हिशेबात लटकत राहतो. दोन्ही बँकांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर तो सुटतो.

या लटकलेल्या पैशाबाबत नियम नाही, असे नाही. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने मुदती ठरवून दिल्या. एटीएममधून रोकड मिळाली नाही, किंवा दुकानातील यंत्रावर पैसे कापले गेले पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने रक्कम आपणहून परत करावयाची. हे दिवस पंचांगाचे आहेत, कामकाजाचे नव्हेत. म्हणून रविवारची आणि सणाची सबब चालत नाही. मुदत टळली, तर पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता, खात्यात जमा करावयाची. पंचविसाव्या दिवशी पैसे परत आले, तर वीस दिवसांचे २,००० रुपये ग्राहकाचे होतात. ही भरपाई मूळ रकमेवर अवलंबून नाही. अडकलेले पैसे ५०० असोत वा १०,०००, दिवसाचे १०० रुपये ठरलेलेच.

परंतु चूक जेव्हा यंत्राची नसून माणसाची असते, तेव्हा हे संरक्षण तोकडे पडते. दुकानदाराने कार्ड दोनदा ओढले, किंवा १,२०० च्या जागी १२,००० दाबले, तर बँकेच्या लेखी तो व्यवहार यशस्वीच ठरतो. मग दुकानदाराने परतावा पाठवावा, नाहीतर ग्राहकाच्या बँकेने दुकानदाराच्या बँकेकडे वाद उपस्थित करावा आणि कागदपत्रांची छाननी व्हावी, असा लांबचा मार्ग उरतो. रक्कम कापण्यास एक क्षण लागतो. ती कापणे चुकीचे होते हे मान्य होण्यास आठवडे लागतात.

या आठवड्यांचे मोल सर्वांना सारखे नसते, हा प्रश्नाचा खरा आर्थिक गाभा आहे. पगारदाराच्या खात्यातले १०,००० रुपये महिनाभर अडकले, तर त्याची चिडचिड होते. समजा, निलंगा तालुक्यातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याचे तेच १०,००० मृगाच्या तोंडावर अडकले, तर पेरणी थांबत नाही आणि सोयाबीनच्या बियाण्यासाठी तो सावकाराच्या दारी जातो. शेकडा पाच रुपये महिना दर लागला, तर त्याला महिन्याला ५०० रुपये व्याज पडते. त्याच्याच पैशावर बचत खात्यात मिळते ते वर्षाला शेकडा अडीच-तीन रुपये! याचा अर्थ असा की, परताव्याच्या विलंबात गरीब माणूस बँकव्यवस्थेला सक्तीचे कर्ज देत असतो आणि त्या कर्जाचे व्याजही स्वतःच भरत असतो.

त्यात अंतराची भर पडते. १९७६ साली मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली, तेव्हा तिचे मुख्यालय नांदेडला होते. विलीनीकरणांनंतर १ मे २०२५ पासून राज्यात एकच ग्रामीण बँक उरली आणि तिचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली. मोठ्या बँकेचे भांडवल भक्कम असते, हे खरे. परंतु खाते किनवटला आणि निर्णय शेकडो मैलांवर, अशी रचना झाली की शाखेतील कर्मचाऱ्यापाशी ‘वर पाठविले आहे’ या उत्तरापलीकडे काही उरत नाही. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही; तोही अपुऱ्या मनुष्यबळाचा बळी असतो.

तेव्हा करावयाचे काय? ग्राहकाने पहिल्याच दिवशी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, चिठ्ठी व फोनवरील संदेश जपून ठेवावा आणि भरपाई नियमाचा उल्लेख करून लेखी मागावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही वा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; त्यास शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेबाहेर राहिलेल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही १ नोव्हेंबर २०२५ पासून तिच्या कक्षेत आल्या. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

परंतु एकट्यादुकट्याच्या हेलपाट्यांनी व्यवस्था बदलत नाही. म्हणून मागण्या सामुदायिक हव्यात. तक्रारीची पोच प्रत्येक शाखेत मराठीत मिळावी. किती परतावे मुदतीत झाले आणि किती भरपाई आपणहून दिली, याचे आकडे प्रत्येक बँकेने जिल्हावार जाहीर करावेत. अनधिकृत व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ साली जे तत्त्व मान्य केले, की ग्राहकाने कळविल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर असावा, तेच चुकून कापलेल्या रकमांनाही लागू व्हावे.

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यामागे बँक ही सामान्य माणसाची व्हावी अशी अपेक्षा होती. खाते उघडून दिल्याने ती अर्धीच पुरी झाली. त्या खात्यातून चुकून गेलेला रुपया मागणी न करता, विनवणी न करता आणि वेळेवर परत येईल, त्या दिवशी ती पुरी होईल.