पहिले गिऱ्हाईक



खासगी अवकाश कंपन्यांबद्दल आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा एकाच सुरात: सरकारला जे जमले नाही ते एका धाडसी उद्योगपतीने करून दाखवले. ही गोष्ट अर्धीच आहे, आणि अर्ध्या गोष्टीवर धोरण उभे राहत नाही.

'स्पेसएक्स'चे 2008 हे वर्ष पाहा. प्रशांत महासागरातल्या ओमेलेक बेटावरून तिच्या 'फाल्कन 1' रॉकेटची तीन उड्डाणे फसली होती. तिसऱ्या वेळी सुटलेल्या पहिल्या टप्प्याच्या इंजिनात थोडा जोर उरला होता. तो टप्पा मागून येऊन दुसऱ्यावर आदळला. इंजिन बंद होणे आणि टप्पा सुटणे यांतले अंतर थोडे वाढवले आणि 28 सप्टेंबरला चौथे रॉकेट कक्षेत पोचले. त्याच डिसेंबरात 'नासा'ने अवकाश स्थानकावर माल नेण्याच्या 12 फेऱ्यांचे 1.6 अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. विकासासाठी 2006 पासून पैसा येत होताच. नवी होती ती पैसे देण्याची रीत. पूर्वी झालेला खर्च आणि वर नफा, असा हिशेब चाले. इथे रक्कम आधी ठरलेली, टप्पा पार पडला की हप्ता, खर्च वाढला तर तो कंपनीच्या माथी. काय पोचवायचे ते 'नासा'ने सांगितले. रॉकेट कसे बांधायचे ते कंपनीवर सोडले. 2020 मध्ये याच कंपनीच्या यानातून अंतराळवीर स्थानकावर गेले, 2025 मध्ये आपले शुभांशु शुक्लाही.

आता आपल्याकडे वळू. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात रॉकेटची 'विकास' इंजिने तयार होतात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची कवचे. इतके अचूक काम करणारे हात महाराष्ट्रात कित्येक वर्षांपासून आहेत, याचा मला फार अभिमान आहे. पण आराखडा इस्रोचा आणि गिऱ्हाईकही इस्रोच. 2020 मध्ये खासगी कंपन्यांसाठी दार उघडले. 2022 मध्ये 'स्कायरूट'चे 'विक्रम-एस' आणि 2024 मध्ये 'अग्निकुल'चे रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले. दोन्ही उड्डाणे कक्षेपर्यंत जाणारी नव्हती, तरी आरंभ भक्कम आहे.

टाळ्यांवर कारखाना चालत नाही, त्याला मागणी लागते. पीकपाणी, पूर, किनारपट्टी यांच्यासाठी सरकारला उपग्रहचित्रे लागतातच. मग 'नासा'सारखीच पुढच्या दहा वर्षांची खरेदी ठरावीक दराने आजच का जाहीर करू नये?

दुसरी निकड कायद्याची. 1967 च्या अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या अवकाशातील कामाचीही आंतरराष्ट्रीय जबाबदारी तिच्या देशावर येते. उद्या एखादे रॉकेट परक्या भूमीवर कोसळले, तर भरपाई भारत सरकारला, म्हणजे तुम्हा-आम्हाला द्यावी लागेल. त्यातला कंपनीचा वाटा किती, विमा कितीचा, हे संसदेच्या कायद्याने ठरायला हवे. 2017 मध्ये मसुदा झाला, 2023 मध्ये धोरण आले. पण धोरणाला कायद्याचे बळ नसते.

म्हणून या अधिवेशनाने दोन मागण्यांचा ठराव करून तो केंद्र सरकारकडे पाठवावा: दीर्घ मुदतीची सरकारी खरेदी आणि अवकाश कायदा. आपण सर्वांनी त्याला पाठिंबा द्यावा, ही विनंती.