फासा कोठे ठेवावा?



सोंगट्यांचा पट आणि बुद्धिबळाचा पट हे दोन्ही मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदले; पण समाजाने त्यांना सारखा मान दिला नाही. सोंगट्यांना दान पडावे लागते, म्हणून तो दैवाचा खेळ ठरला. बुद्धिबळात दोन्ही बाजूंचे सैन्य सारखे, पट उघडा आणि लपवाछपवीला जागा नाही, म्हणून तो कर्तृत्वाचा खेळ ठरला. ‘पौबारा’ आणि ‘फासे उलटे पडणे’ हे शब्दप्रयोग एका पटाने भाषेला दिले. ‘शह’, ‘मात’ आणि ‘प्याद्याचा फर्जी’ हे दुसऱ्याने दिले. एका पटावर माणूस नशिबाला दोष देऊन मोकळा होतो, तर दुसऱ्यावर त्याला स्वतःलाच दोष द्यावा लागतो.

अशा बुद्धिबळाच्या साहित्यात कोणी फासा आणून ठेवला तर? हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. परंतु ज्या समाजात कर्तृत्व आणि योगायोग यांची सरमिसळ दररोज होते, योगायोगाने मिळालेले कर्तृत्व म्हणून मिरवले जाते आणि कर्तृत्वावर दैवाचे झाकण घातले जाते, त्या समाजाने या प्रश्नाचा गांभीर्याने विचार करण्यासारखा आहे.

प्रथम इतिहास पाहू. असा फासा खरोखरच आणला गेला होता, आणि तोही याच देशात. सुमारे इसवी सन १०३० मध्ये हिंदुस्थानाविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या अल्‌ बेरुनीने चौघांनी मिळून दोन फाशांनिशी खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. पुढे बंगालातील स्मृतिकार रघुनंदन याच्या ‘तिथितत्त्व’ या ग्रंथात त्याचे नियम आढळतात. तोच चौसष्ट घरांचा पट; पण सैन्य दोनाऐवजी चार. प्रत्येकाकडे राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी. फाशावर पाच पडले तर राजा किंवा प्यादे हलवावयाचे, चार पडले तर हत्ती, तीन पडले तर घोडा आणि दोन पडले तर नौका. कोणते मोहरे हलवावयाचे ते फासा सांगणार. ते कोठे न्यावयाचे एवढेच माणसाच्या हाती. हे नियम तेथे व्यास युधिष्ठिराला शिकवितात. ज्याने फाशांपायी राज्य, भाऊ आणि पत्नी गमावली, त्यालाच पुन्हा फाशांचे बुद्धिबळ शिकविले जावे, यातील उपरोध त्या ग्रंथकाराला जाणवला होता की नाही, कोण जाणे.

विल्यम जोन्सने १७९० मध्ये या खेळाकडे युरोपीय विद्वानांचे लक्ष वेधले आणि डंकन फोर्ब्सने १८६० मध्ये हाच बुद्धिबळाचा मूळ अवतार असल्याचे प्रतिपादन केले. म्हणजे आधी फासा होता आणि मानवी बुद्धी प्रगल्भ होताच तो गळून पडला, अशी ही उपपत्ती. दैवाकडून बुद्धीकडे जाणारी ही सरळ रेषा कोणालाही सुखावणारीच होती. परंतु एच. जे. आर. मरे याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या बृहद्‌ इतिहासात ती नाकारली. त्याच्या मते दोघांचा बिनफाशाचा खेळ अगोदरचा आणि चौघांचा फाशांचा खेळ नंतरचा. हे मान्य केले, तर आपल्या पूर्वजांनी एक परिपूर्ण बुद्धीचा खेळ हाती असताना त्यात समजून-उमजून योगायोग मिसळला, असा त्याचा अर्थ होतो.

या प्रदेशालाही ती परंपरा परकी नाही. कल्याणीच्या चालुक्यांपैकी सहाव्या विक्रमादित्याने कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी विवाह केल्याचे बिल्हणाने वर्णिले आहे. याच विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळ आणि फासे या दोहोंना स्थान आहे.

ही मिसळ कशासाठी केली असावी? त्याचे एक मार्मिक उत्तर स्पेनमधील राजा दहावा अल्फान्सो याने १२८३ मध्ये सिद्ध करविलेल्या खेळांच्या ग्रंथात सापडते. त्यातील कथा हिंदुस्थानातील एका राजाचीच आहे. राजा तीन पंडितांना विचारतो, बुद्धी श्रेष्ठ की दैव? पहिला पंडित बुद्धीची बाजू घेतो आणि बुद्धिबळाचा पट पुढे ठेवतो. दुसरा दैवाची बाजू घेऊन नुसते फासे टाकतो. तिसरा सांगतो, दोहोंचा मेळ घालणारा तोच शहाणा, आणि तो फासे व सोंगट्या यांचा पट मांडतो. याच ग्रंथात मोठ्या पटाच्या बुद्धिबळासाठी आठ बाजूंच्या फाशांची योजनाही वर्णिलेली आहे.

तिसऱ्या पंडिताचा निर्णय मात्र अपुरा आहे. मेळ घालावा हे ठीक. पण कोठे घालावा? फासा हाती घेण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

‘तिथितत्त्वा’तील खेळात फासा प्रत्येक चालीच्या आधी पडतो. शत्रूचा हत्ती राजावर चालून आलेला आहे, सुटकेचे घर समोर दिसते आहे. पण फाशावर पाच पडत नाहीत, म्हणून राजा जागचा हलू शकत नाही. येथे बुद्धीला मार्ग दिसतो. पण त्या मार्गाने जाण्याची परवानगी तिला नसते. अवर्षणात विहीर खोदण्याचे ज्ञान आहे, हातांत बळ आहे, पण कर्ज मिळत नाही, अशा कोरडवाहू शेतकऱ्याची स्थिती याहून निराळी नसते. चालीआड आलेला फासा माणसाला शहाणा करीत नाही. तो त्याला नशिबापुढे मान तुकवावयास शिकवितो.

मग बिनफाशाचे बुद्धिबळ तरी पूर्णपणे न्यायाचे आहे काय? येथे मीर सुलतान खान याचे स्मरण करणे योग्य ठरेल. अविभाजित पंजाबातील हा मनुष्य सर उमर हयात खान या जमीनदाराच्या आश्रयाला होता. देशी नियमांच्या बुद्धिबळात तो वाढलेला होता. १९२९ मध्ये धन्याबरोबर तो इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्याने जिंकले. १९३२ व १९३३ मध्ये ते पुन्हा मिळविले. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरविले. डावाच्या मध्यात आणि अखेरीस त्याची बुद्धी अजोड होती. परंतु प्रारंभीच्या दहा-बारा चालींत तो वारंवार अडचणीत सापडे. कारण युरोपात पुस्तकांतून साठविलेली प्रारंभविद्या त्याच्या वाट्याला आलेली नव्हती. धनी परतला तसा तोही १९३३ मध्ये परतला आणि बुद्धिबळाच्या जगातून दिसेनासा झाला. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर हा किताब सन्मानार्थ दिला तो २०२४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी.

सुलतान खानाच्या पटावर फासा नव्हता. तरीही योगायोग होताच. तो पटाबाहेर बसलेला होता. कोणाचा जन्म ग्रंथालयाशेजारी झाला आणि कोणाचा धन्याच्या वाड्यात, हे पहिल्या चालीपूर्वीच ठरलेले होते. प्रारंभविद्या ही बुद्धिबळातील संचित संपत्ती आहे. पूर्वी ती पुस्तकांत होती, आज संगणकांत आणि मोबदला घेऊन शिकविणाऱ्या प्रशिक्षकांकडे आहे. ज्याच्यापाशी ती आहे तो पहिल्या पंधरा चाली पाठांतरावर खेळतो; ज्याच्यापाशी नाही त्याला तेवढ्या काळात स्वतःच्या घड्याळातील वेळ खर्चून विचार करावा लागतो. मोहरी सोळा विरुद्ध सोळा असली, तरी डाव समान पायावर सुरू होत नाही.

या विषमतेवर उपाय सुचविला तो माजी जगज्जेता बॉबी फिशर याने, १९९६ मध्ये अर्जेंटिनात. त्याने फासा चालीपुढून उचलला आणि मांडणीपुढे ठेवला. पटाच्या मागच्या रांगेतील आठ मोहऱ्यांची जागा डावापूर्वी चिठ्ठी टाकून ठरवावयाची. दोन अटी: दोन उंट निरनिराळ्या रंगांच्या घरांत हवेत, आणि राजा दोन हत्तींच्या मधे हवा. पांढऱ्यांची जी मांडणी, तीच समोरासमोर काळ्यांची. त्यानंतर मात्र योगायोगाला पटावर प्रवेश नाही.

यासाठी महागडे साहित्य लागत नाही. सोंगट्यांच्या डब्यातील साधा सहा बाजूंचा फासा पुरतो. पांढऱ्या घरातील उंटासाठी चार जागा असतात, काळ्या घरातील उंटासाठीही चार. फाशावर पाच किंवा सहा पडल्यास तो पुन्हा टाकावयाचा. उरलेल्या सहा घरांपैकी एक वजिराला. राहिलेल्या पाच घरांपैकी दोन घोड्यांना, आणि त्या दोन घरांची निवड दहा प्रकारे होऊ शकते. शेवटच्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती याच क्रमाने बसतात. चार गुणिले चार, गुणिले सहा, गुणिले दहा. म्हणजे ९६० मांडण्या. एवढ्या मांडण्यांचे पाठांतर कोण करणार? जागतिक संघटनेने या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१९ मध्ये भरविली, आणि तीत वेस्ली सो याने मॅग्नस कार्लसनला हरविले.

यावर आक्षेप येतील. प्रारंभविद्या हेही श्रमाचेच फळ आहे. ते का हिरावून घ्यावे? पण हे फळ कोणाच्या श्रमाचे, हे तपासावे लागेल. जे शोधले ते पिढ्यांनी मिळून. त्याचा लाभ मात्र ते विकत घेण्याची ऐपत असणाऱ्याला अधिक मिळतो. दुसरा आक्षेप असा की, काही मांडण्यांत पहिली चाल करणाऱ्याला जास्त फायदा होतो. तो खरा आहे, आणि त्यावर उतारा सोपा आहे: त्याच मांडणीवर रंग बदलून दोन डाव खेळावेत. तिसरा आक्षेप असा की, श्रीमंताचा मुलगा याचाही सराव अधिक करील. अवश्य करील. फासा विषमता नाहीशी करीत नाही; तो तिचा एक दरवाजा बंद करतो.

आता पटावरून गावाकडे वळू. सार्वजनिक जीवनातही फासा आहेच. आपण त्याला सोडत म्हणतो. प्रभागांचे आरक्षण सोडतीने ठरते. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. कोणता प्रभाग राखीव हे चिठ्ठीने ठरू लागल्यामुळे वर्षानुवर्षे एकाच घराण्याकडे असलेल्या जागांची मांडणी विस्कटली. ही डावापूर्वीची चिठ्ठी आहे. ती कोणालाही निवडून देत नाही. निवडून येण्याची संधी कोणाला, एवढेच ठरविते.

पण सोडतीचे भाबडे कौतुकही नको. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील शिलालेखांत, ताडपत्रांवर नावे लिहून ती मडक्यात घालावीत आणि लहान मुलाकडून काढवावीत, असे सांगितले आहे. लोकशाहीचा प्राचीन पुरावा म्हणून त्याचा गौरव होतो. परंतु नाव मडक्यात जाण्यासाठी स्वतःची जमीन, स्वतःचे घर आणि वेदविद्या यांची अट होती. चिठ्ठी कोणाची निघाली याहून मडक्यात कोणाची चिठ्ठी गेली, हा प्रश्न मोठा असतो. शिक्षणहक्क कायदा २००९ ने खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना खुल्या केल्या आणि त्या सोडतीने भरल्या जाऊ लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी विनाअनुदानित शाळांना त्यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. चिठ्ठ्यांना हात न लावता मडकेच लहान करण्याचा तो प्रकार होता.

आणि जेथे वस्तू सर्वांना पुरविणे शक्य आहे तेथे सोडत हा न्याय नव्हे. तो टंचाईवर घातलेला पडदा आहे. मलकापूरने नळाला चोवीस तास पाणी आणि प्रत्येक जोडणीला मीटर अशी योजना राबवून देशाचे लक्ष वेधले. आज नळ येणार की नाही, पहाटे कोणाच्या घरी हंडा भरणार आणि कोणाच्या घरी नाही, हा दररोजचा फासा त्या योजनेने स्त्रियांच्या हातून काढून घेतला. पाणी, धान्य, औषध आणि प्राथमिक शाळा यांसाठी कोणालाही दान पडण्याची वाट पाहावी लागू नये. जे वाटता येत नाही, जसे एका प्रभागाचे एक प्रतिनिधित्व, तेथे चिठ्ठी योग्य. जे वाढविता येते, तेथे ते वाढविणे हेच योग्य.

एक सावधगिरी आणखी. कौटिल्याने द्यूतासाठी अध्यक्ष नेमावा आणि शुद्ध फासे त्याने पुरवावेत असे सांगितले आहे. कारण फासा ज्याच्या मुठीत, डाव त्याचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा खेळ कौशल्याचा की योगायोगाचा हा जुना भेद त्याने निरुपयोगी ठरविला. ज्या खेळात फासा कंपनीच्या संगणकात दडलेला असतो, तेथे खेळणाऱ्याची बुद्धी कितीही असो, अखेर कोणाची चलती राहणार हे उघड आहे. सोडत गावासमोर, उजेडात आणि सर्वांना दिसेल अशा रीतीने निघाली पाहिजे, याचे कारणही हेच.

सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले. त्या परंपरेच्या शेजारी राहणाऱ्या मलकापूर-कराडच्या शाळांना आणि वाचनालयांना एक साधी गोष्ट करता येईल. वर्षातून एक स्पर्धा अशी भरवावी की, प्रत्येक फेरीपूर्वी सर्वांसमोर एका मुलीने फासा टाकावा, मांडणी फळ्यावर लिहावी आणि सर्व पट तसे मांडावेत. शिकवणीला जाणारा आणि न जाणारा, दोघेही अनोळखी पटासमोर सारखेच बसतील. त्यानंतर फासा डब्यात बंद करावा आणि डाव माणसांच्या हाती सोपवावा.